उठावाच्या शिक्क्याचा कागद

१

तेरा फेब्रुवारीच्या मंगळवारी संध्याकाळी चारकोपच्या खारे पाणी मंडळाचं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा फाईल जागेवर होती. परवानगीचा अर्ज जागेवर होता. त्या अर्जाच्या स्मरणपत्राला सरकारी खात्याने पाठवलेली पोचही जागेवर होती. फक्त परवानगी जागेवर नव्हती.

मंडळ म्हणजे घरात खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवणारे बावीस लोक आणि हाउसिंग सोसायटीने कंटाळून दिलेली तळमजल्यावरची एक खोली. खोलीत सहा फुटांची टाकी होती. तिच्यात महिनाभर नुसतं पाणी फिरत होतं, दिवा जळत होता, आणि सभासद रोज येऊन त्या रिकाम्या पाण्याकडे पाहून समाधानाने घरी जात होते. येत्या रविवारी, अठरा तारखेला, कोकणच्या किनाऱ्यावर जाऊन तिच्यात सोडायचे जीव आणायचे होते. तेही कायद्याने. यापूर्वीच्या सहली कशाने झाल्या हे मंडळात कुणी बोलत नसे.

कायद्याने जाण्यासाठी नोव्हेंबरपासून अर्ज चालू होता. खात्याने अखेर जाड कागदावर, बोटाला लागणारा उठावाचा शिक्का मारून, परवानगी दिली: शंखात राहणारे खेकडे बारा, डबक्यांतले बोटभर मासे दहा, गोगलगायी, थोडं शेवाळ. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांच्याकडे पाहायला हरकत नव्हती, हात लावायला होती. दिवस एकच, रविवार अठरा. वेळ सकाळी सात ते नऊ. किनाऱ्यावर अधिकारी येणार आणि त्यांना मूळ कागद दाखवायचा. मोबाईलमधला फोटो चालणार नाही, हे कलम पाचमध्ये ठळक छापलं होतं. प्रत हवी तर पंधरा दिवसांचा अर्ज.

म्हणजे सहल बुडाली. कार्यवाह सहदेव पालव विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि नुकसान झालं की जबाबदार माणूस शोधायचा ही त्यांची चाळीस वर्षांची सवय होती. त्यांनी तिथल्या तिथे सभा घेऊन ठराव मांडला की, ज्याने कागद नेला तो सभासद राहणार नाही आणि त्याच्याकडून मंडळातलं कुणीही यापुढे काही विकत घेणार नाही. ठरावात नाव शनिवारी सहा वाजता घालायचं.

ठरावाचा दुसरा भाग ऐकून सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं. बावीसांत विकणारा एकच होता. चैतन्य सुर्वे. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचं मत्स्यालयाचं दुकान होतं, आणि ते या लोकांवरच चालायचं. लोक किनाऱ्यावरून मासे आणू लागले तर त्याच्या बाहेरून मागवलेल्या माशांचं काय होणार, हा हिशेब कुणीही करू शकत होतं. शिवाय सोमवारी दुपारी मिठाची पोती टाकायला तो एकटा खोलीत आला होता.

चैतन्य नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. चप्पल घालून निघून गेला.

कोपऱ्यात उत्तरा गुप्ते सभेचं इतिवृत्त लिहीत होत्या. त्या न्यायालयात लघुलेखिका होत्या, शेवटची वर्षं दिंडोशीला. तेहतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी विचारलेले प्रश्न आणि तिसऱ्यांनी दिलेली उत्तरं उतरवून घेतली. स्वतः एकदाही प्रश्न विचारला नाही. तेवढं साठलेलं होतं. आणि एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती: निर्दोष माणूस पहिल्या पाच मिनिटांत चिडतो. चैतन्य चिडला नव्हता.

म्हणजे एकतर त्यानेच कागद नेला होता, नाहीतर कोणी नेला हे त्याला माहीत होतं.

२

बुधवारी उत्तराबाईंनी सहदेवना खोलीवर बोलावून घेतलं आणि वही उघडली. सहदेवनी सांगितलं की कपाटाची किल्ली टाकीमागच्या खिळ्याला असते. जागा गुप्त आहे. फक्त सभासदांनाच माहीत आहे.

मग बाईंनी विचारलं की फाईलमधून आणखी काय गेलंय. सहदेव म्हणाले की आणखी काय जाणार. बाईंनी पानं मोजायला लावली. सहदेवनी दोनदा मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला. बारा वर्षांपूर्वी ठाण्याच्या मत्स्यप्रदर्शनात मंडळाला मिळालेलं सहभागाचं प्रमाणपत्र नव्हतं. परवानगी गेली तेव्हा सहदेव संतापले होते. प्रमाणपत्र गेलं म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ते चोरून कुणाला काय मिळणार, गुप्तेबाई? आम्हाला तरी काय मिळालं होतं?"

बाईंनी विचारलं, ते दिसायला कसं होतं. रंगीत होतं, वर तीन मासे छापलेले, लांबूनही ओळखू येईल असं. कागद जाड. खाली उजवीकडे उठावाचा शिक्का.

बाईंनी एवढंच लिहिलं: कागद दोन, दिसायला वेगळे, हाताला सारखे.

दुसरी साक्ष गार्गी बर्वेची. गार्गी कांदिवलीच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. समुद्रातला कुठलाही जीव घरी आणायला तिचा विरोध होता, आणि तो नीट करता यावा म्हणून ती मंडळाची सभासद झाली होती. वर्गणी वेळेवर भरणारी ती एकटीच.

तिने सरळ सांगितलं की कागद गेला याचा तिला आनंद झालाय. पण तिने नेला असता तर पत्र ठेवून नेला असता, चार मागण्यांसह. बाईंना हे पटलं. मग त्यांनी विचारलं की सोमवारी-मंगळवारी खोलीत काही वेगळं दिसलं का.

गार्गीने इकडेतिकडे पाहिलं. म्हणाली की वेगळं काही नाही, फक्त त्या कॅलेंडरला जरा घाई झालीय.

उत्तराबाईंनी मान वळवली. भिंतीवर मराठी तिथ्यांचं कॅलेंडर होतं. फेब्रुवारीची चौदा तारीख चालू होती. भिंतीवर मार्च होता.

३

चैतन्यच्या दुकानात दिवसाही अंधार असतो. टाक्यांचे निळे दिवे तेवढे लागलेले. गुरुवारी दुपारी बाई गेल्या तेव्हा तो स्टुलावर बसून जाळी धूत होता. गिऱ्हाईक नव्हतं. दोन सभासदांनी सकाळीच फोन करून आपल्या ऑर्डरी रद्द केल्या होत्या. ठरावात अजून नाव घालायचं होतं, पण लोक नियम पाळण्यात पुढे.

बाईंनी सोमवारचं विचारलं. पोती टाकली, किल्लीला हात लावला नाही, निघालो, असं तो म्हणाला. त्याआधी? रविवारी? रविवारी सकाळी गोराईला गेलो होतो, वाळू बघायला. पाणी पार आत गेलं होतं. कधी न दिसणारे खडक उघडे पडले होते.

एवढं बोलून तो थांबला. जाळी आधीच स्वच्छ झाली होती, ती पुन्हा धुवायला लागला.

"मग कुठे गेलास?"

"घरी."

"सरळ?"

"उत्तराताई, तुम्ही हे लिहिताय का?"

"सवय आहे रे."

"मग असं लिहा, चैतन्य काही सांगत नाही. आणि एक करा ना. आबांकडे नका जाऊ. त्यांची पाठ धरलीय."

आबांचं नाव बाईंनी काढलंच नव्हतं.

आबा म्हणजे धोंडिराम मेस्त्री. वय चौऱ्याहत्तर, गिरणी बंद पडेपर्यंत तिथे साच्यावर कामाला, आता दहिसरला मुलाकडे. मंडळाच्या टाकीचं पाणी तेच सांभाळायचे, रोज दुपारी बसने येऊन. सहलीचा किनारा त्यांच्या गावचा, आणि दिवस नि वेळ काढायची तीही त्यांनीच. भरती-ओहोटी ते तिथीवरून सांगत. आठ वर्षांपूर्वी एकदा सहदेवनी मोबाईलमध्ये बघून म्हटलं होतं, आबा, बारा मिनिटांचा फरक पडतोय. आबा पाच महिने आले नाहीत. त्या पाच महिन्यांत टाकीतले निम्मे जीव मेले. तेव्हापासून मंडळाचा अलिखित नियम होता की आबांनी दिलेली वेळ कुणी तपासायची नाही. बाकी एकवीस जणांच्या खिशात समुद्राचं वेळापत्रक होतं आणि एकवीसही जण ते उघडत नसत. आदर म्हणून, आणि टाकी जगावी म्हणूनही.

बाई तिथून थेट खोलीवर गेल्या. मागे उलटलेलं पान पुढे घेतलं. फेब्रुवारी. रविवारच्या ओळीत अठराचा चौकोन: शुद्ध नवमी.

बाई परळच्या शाळेत शिकलेल्या. तिथे पाऊणकी पाठ करून घेत. आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आबांनीच त्यांना एकदा चहा पिता पिता सांगितलं होतं. नऊ पाऊण पावणेसात.

म्हणजे अठरा तारखेला पावणेसातला भरती. आणि मंडळ जाळ्या, बादल्या, सरकारी अधिकारी आणि उठावाच्या शिक्क्यासह सात वाजता किनाऱ्यावर. शिवाय नवमी म्हणजे भांग, पाणी धड चढतही नाही आणि ओहोटीला धड उतरतही नाही. डबक्यांचा खडक त्या दिवशी पाण्याबाहेर येणारच नव्हता.

त्यांनी शेजारचा चौकोन पाहिला. रविवार अकरा: शुद्ध द्वितीया. दोन पाऊण दीड. दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातला ओहोटी, तीही उधाणाची, पार आतपर्यंत. सात ते नऊ. वेळ अगदी बरोबर होती.

दिवस तेवढा एका चौकोनाने चुकला होता.

४

शुक्रवारी सकाळी दहिसरला दार आबांनीच उघडलं. सून कामावर, मुलगा कामावर. पाठ धरलेली दिसत नव्हती. बाईंनी अजून तोंड उघडलं नव्हतं. आबा दारात उभे राहून त्यांच्या खांद्यापलीकडे बघत होते. "आबा, मी उत्तरा" म्हटल्यावर ते हसले आणि ये गो बाय म्हणाले.

त्यांनी चहा केला. कपाच्या काठाच्या आत बोट धरून ओतला. बोटाला चहा लागल्यावर थांबले.

उत्तराबाईंनी त्या दिवशी वही पिशवीतच ठेवली. त्या म्हणाल्या की कागद कुणी नेला हे मला कळलंय असं वाटतं, चुकत असेन तर सांगा.

ज्याने नेला त्याला परवानगी आणि प्रमाणपत्र यांतला फरक कळला नाही. तीन रंगीत मासे छापलेले असून कळला नाही. त्याने बोटांनी शिक्का शोधला. असे दोन कागद लागले, म्हणून दोन्ही नेले. जाताना त्याने कॅलेंडरचं पान उलटलं, कुणाला नवमी दिसू नये म्हणून. मंडळात बाकी एकवीस जण आहेत. त्यांतल्या कुणाला भरती लपवायची असती तर तो कॅलेंडरकडे गेला नसता, कारण भरती प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे आणि एकवीस मोबाईल काही उलटे टांगता येत नाहीत. समुद्राची वेळ भिंतीवर असते असं मानणारा मंडळात एकच माणूस आहे.

गॅलरीत कुणाची तरी साडी वाळत होती, तिचं पाणी ठिबकत होतं.

मग आबांनी उठून देवाच्या फळीमागून दोन कागद काढले आणि बाईंच्या हातात दिले. बाईंनी पाहिलं. वर प्रमाणपत्र होतं.

आबांनी सांगितलं ते असं. नोव्हेंबरात नवं कॅलेंडर आलं तेव्हा त्यांनी भिंगातून तिथी वाचली. वाचली द्वितीया, बोट ठेवलं शेजारच्या चौकोनावर. तारीख सहदेवला दिली. उजव्या डोळ्याने वर्षभर काही दिसत नव्हतं, डाव्याने धुरकट. डॉक्टर म्हणाले होते की गेलेलं परत येणार नाही. घरात माहीत नव्हतं, कारण माहीत झालं की बस बंद, टाकी बंद, आणि खडकावर उतरणं तर कायमचं बंद. यंदा एकदा उतरायचं होतं. तिथल्या डबक्यांना डोळे लागत नाहीत, पायांना ठाऊक आहेत.

रविवारी गोराईचा तो समुद्र पाहून चैतन्य थेट इथे आला होता. चिडला नाही, हसला नाही. आबा, ओहोटी आजच होती, बहुतेक तारीख हुकली, आपण मंडळाला सांगू, एवढंच म्हणाला. आबा म्हणाले, मी सांगतो. आणि सोमवारी सकाळी, चैतन्य पोती घेऊन यायच्या आधी, त्यांनी कपाट उघडलं.

"आबा, कागद चैतन्यने नेला असं सगळे म्हणतायत. उद्या सहाला त्याचं नाव घालणार. दुकान जाईल त्याचं."

आबांचा हात कपाकडे गेला आणि कपाच्या बाजूला टेकला. त्यांना हे माहीत नव्हतं. मंगळवारपासून ते खोलीवर गेले नव्हते आणि चैतन्य दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्याने माशांच्या गप्पा मारल्या होत्या.

"उद्या मी येतंय," आबा म्हणाले. "तिथी चुकली म्हणून सांगतंय. कागद मीच नेलंय म्हणून सांगतंय. पण बाय, डोळ्यांचा काढू नको."

"का?"

"चोर म्हटल्यानी तर चालात माका. आंधळो नको."

बाई हो म्हणाल्या. तेहतीस वर्षांत त्यांनी साक्षीतला एक शब्द गाळला नव्हता. हा पहिला.

५

शनिवारी सहा वाजता एकोणीस सभासद हजर होते. सहलीच्या नियोजनाला कधी नऊच्या वर आले नव्हते.

आबांना बाईंनी रिक्षाने आणलं आणि खुर्चीवर बसवलं, टाकीजवळ. शेजारच्या खुर्चीवर कुणी बसेना, कारण पलीकडे चैतन्य उभा होता. शेवटी चैतन्यच तिथे बसला. आबांना बघून त्याने उत्तराबाईंकडे असं पाहिलं की बाईंनी नजर वहीत घातली.

आबा फार बोलले नाहीत. कागद काढून टेबलावर ठेवले. म्हणाले की तिथी चुकलो, माझी मला लाज वाटली, म्हणून कागद नेला. पोराचा काही संबंध नाही. त्याला ठाऊक होतं आणि तो माझ्यासाठी गप्प बसला.

दोघा-तिघांनी हळूच मोबाईल काढून अठरा तारखेची भरती पाहिली आणि परत खिशात ठेवला. ऑर्डर रद्द करणाऱ्यांपैकी एकाने चैतन्यला मिठाचा भाव विचारला. दुसऱ्याला तेवढंही सुचलं नाही. गार्गी खिडकीबाहेर बघत होती. तिला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं, तरी तिचा चेहरा तसा नव्हता.

सहदेवनी प्रमाणपत्र उचलून छातीशी धरलं आणि घसा साफ केला. म्हणाले, आबा, चूक कुणाचीही होते. विषय संपला, आपण हा ठराव मागे घेऊ. पुढच्या वर्षी परत अर्ज करू. तारीख तुम्हीच काढायची.

इथे आबा रागावले. आवाज न चढवता रागावले, तसे ते आठ वर्षांपूर्वी रागावले होते. त्यांनी विचारलं की मंगळवारी चैतन्यचं नाव घालायचं होतं तेव्हा ठराव कडक होता, आज पातळ कसा झाला. पोराला एक नियम आणि म्हाताऱ्याला दुसरा? दया करायची तर घरी जाऊन करा. ठराव वाचा, नाव घाला, मत घ्या.

सहदेवनी उत्तराबाईंकडे पाहिलं. न्यायालयातली बाई काहीतरी वाट काढेल असं त्यांना वाटलं असावं. बाईंना वाट माहीत नव्हती. इतकी वर्षं त्यांनी पाहिलेल्या कुठल्याही आरोपीने स्वतःची शिक्षा मागून घेतली नव्हती.

मग सहदेवनी वाचलं. अडखळत वाचलं. श्रीयुत धोंडिराम मेस्त्री हे यापुढे मंडळाचे सभासद राहणार नाहीत. त्यांच्याकडून कुणी काही विकत घेणार नाही, हेही वाचलं, कारण ते लिहिलेलं होतं.

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत."

आबांनी हात वर केला. ताठ, कोपरात न वाकवता. त्यांचा चेहरा सभासदांकडे नव्हता, रिकाम्या टाकीच्या उजेडाकडे होता. एरवी ते कुठे बघतात याकडे कुणी लक्ष दिलं नसतं.

दुसरा हात वर झाला नाही. सहदेवांचे दोन्ही हात छातीशी धरलेल्या प्रमाणपत्रावर होते. गार्गीने स्वतःचे काखेत दाबून धरले होते. मिठाचा भाव विचारणारा मांडीवर ठेवलेल्या हातांच्या नखांकडे बघत होता. खोलीतला प्रत्येक माणूस प्रत्येक माणसाचे हात खाली आहेत हे स्पष्ट बघत होता.

थोडा वेळ गेला. आबांनी हात खाली घेतला नाही. मग ते चैतन्यच्या बाजूला किंचित कलले. आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटत होतं.

"किती झाले रे?"

सहदेवनी प्रमाणपत्र खाली ठेवलं. बाकीची अठरा माणसं आबांच्या डोळ्यांकडे बघत होती, आणि ती बघतायत हे कळायला आबांना काही साधन नव्हतं. उत्तराबाईंनी पेन थांबवलं.

चैतन्यने खोलीभर नजर फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येकावर थांबत.

"मोजतोय, आबा," तो म्हणाला. आणि तो बराच वेळ मोजत राहिला.